पावसाळ्यात सायकलच्या चेनला वंगण कोणतं, किती आणि कसं घालायचं?

रोजची_सायकल:

हायब्रीड सायकल आहे. पुढे तीन, मागे आठ गीअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. हडपसर ते शिवाजीनगर रोजचं जाणं-येणं, पावसातही. बाकी सायकल ठीक आहे, चेनने मात्र वैताग आणलाय. भिजली की दुसऱ्या दिवशी कुईकुई करते. तेल घातलं की दोन दिवसांत तिच्यावर काळा चिखल बसतो, पँटचा पाय बरबटतो आणि गीअर बदलताना खरखर ऐकू येते. दुकानात नेली की स्प्रे मारून देतात. आवाज जातो, आणि पुढची सर आली की परत सुरू.

विकत घ्यायला गेलं तर ड्राय, वेट, वॅक्स, सिरॅमिक अशी नावं. घरी बाइकचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल पडून आहे, शिलाई मशीनचं तेल आहे, ग्रीस आहे. यातलं काही चालेल का? चेन काढून धुवायची की जागेवरच? तेल किती घालायचं? कुणी म्हणतं दोन-चार थेंब, कुणी म्हणतं चेन चमकेपर्यंत. सप्टेंबरमध्ये २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करायचा विचार आहे, तोवर हे मार्गी लावायचंय.

पंधराचा_पाना:

चेन आतून कशी असते ते आधी समजून घ्या, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. गीअरच्या चेनमध्ये बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, पिना आणि रोलर एवढाच माल असतो. पिन आतल्या पट्टीच्या कॉलरमध्ये (भोकाभोवतीच्या उठलेल्या कडेत) फिरते, आणि त्याच कॉलरवर बाहेरून रोलर फिरतो. लोखंडावर लोखंड घासतं ते या दोन जागी. वंगण हवं ते तिथे. बाहेरच्या पट्ट्यांचं बाहेरचं अंग फारसं कशावर घासत नाही. गंज धरू नये म्हणून बोटाला जेमतेम जाणवेल इतका थर त्यांना पुरतो.

तुमच्या चेनवरचा काळा चिखल म्हणजे बाहेर राहिलेलं तेल, रस्त्याची धूळ आणि चेनचंच झिजलेलं लोखंड. हा लगदा रोलरच्या फटीतून आत शिरला की पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणजे चेन कोरडी असतानाही झिजते आणि तेलात बुडालेली असतानाही झिजते. कोरडी असली तर निदान ओरडून सांगते.

दुकानातला स्प्रे बहुतेक वेळा पाणी हटवणारा आणि गंजलेले नटबोल्ट सैल करणारा असतो. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा त्याच जातीचा. त्यात पातळ सॉल्व्हंट भरपूर. ते आतलं उरलंसुरलं वंगण सैल करून बाहेर आणतं, स्वतः उडून जातं आणि मागे नावापुरता थर ठेवतं. आवाज लगेच जातो, पण टिकत काहीच नाही. त्याच कंपनीची सायकल-चेनसाठी वेगळी वंगणं मिळतात, त्यांच्याबद्दल हे नाही.

आता प्रकार. ड्राय लूबमध्ये थोडं मेण किंवा टेफ्लॉन पातळ सॉल्व्हंटमध्ये मिसळलेलं असतं. सॉल्व्हंट उडालं की कोरडासा थर उरतो. धूळ कमी धरतो, पण पाण्याने चटकन धुतला जातो. वेट लूब हे खरोखरचं तेल, जरा जाड आणि चिकट. पाण्याला दाद देत नाही, पण धुळीला बोलावणं धाडतं. ड्राय आणि वेट ही नावं हवेवरून पडली आहेत. पुण्यात जून ते सप्टेंबर वेट, दिवाळीनंतर ड्राय, असा साधा हिशेब ठेवा. फिनिश लाइनचं लाल झाकण ड्राय आणि हिरवं झाकण वेट. दुसऱ्या कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं वेट लूबही तितकंच चालेल. ‘सिरॅमिक’ शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. तेवढ्या पैशांत चांगला ब्रश आणि फडक्यांचा गठ्ठा येईल, आणि फरक त्यानेच पडेल.

घरातल्या मालाचं सांगायचं तर शिलाई मशीनचं तेल आत छान शिरतं, पण इतकं पातळ की एका सरीत जातं. उन्हाळ्यात गावातल्या गावात फिरायला चालेल. ग्रीस नाही. ते फटीत शिरतच नाही, वर बसतं आणि माती धरतं. इंजिन ऑइल नवं, न वापरलेलं असेल तर अडीअडचणीला चालतं. पण त्यातली रसायनं काजळी आणि मळ तेलात तरंगत ठेवण्यासाठी असतात. इंजिनात तो मळ पकडायला फिल्टर आहे, चेनला नाही. गाडीतून काढलेलं काळं तेल तर हातही लावू नका, त्यात धातूचे कण आणि आम्ल आधीच असतं.

कृती. पहिल्यांदा चेन नीट साफ करायला तासभर जाईल, पुढच्या खेपेपासून दहा मिनिटं.

सायकल स्टँडवर घ्या किंवा मागचं चाक उचललं जाईल अशी टांगा. मागच्या डिस्कवर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि रबरबँड लावा. रोटरवर, म्हणजे त्या डिस्कवर, तेलाचा एक शिंतोडा पुरतो, ब्रेक किंचाळायला लागतो आणि पॅड बदलायची पाळी येते. चेन काढायची गरज नाही. फडकं रॉकेलमध्ये किंवा रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवा, खालच्या बाजूची चेन त्यात धरा आणि पॅडल उलटं फिरवा. फडकं काळं झालं की दुसरी बाजू. मग जुन्या टूथब्रशने वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी रोलरच्या फटी घासा. मागच्या चक्रांच्या दातांमध्ये फडक्याची पट्टी घालून करवतीसारखी पुढेमागे ओढा. आरडीच्या (मागचे गीअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) दोन्ही जॉकी व्हीलवर, म्हणजे चेन जिथून जाते त्या छोट्या चक्रांवर, मळाची कडी जमलेली असते. चाक फिरवत स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून काढा. ही कडी राहिली तर धुतलेली चेन पहिल्या किलोमीटरलाच पुन्हा काळी.

नंतर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी, ब्रश, साधं पाणी. पाणी वरून हलकेच ओता, हबच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर धार नको. कोरड्या फडक्यातून चेन फिरवा आणि निदान तासभर वाळू द्या. घाई इथेच नडते. आत रॉकेल राहिलं तर नवं वंगण पातळ होतं, पाणी राहिलं तर वंगण आत शिरतच नाही.

आता थेंब. क्विक लिंक (चेनचा उघडता येणारा जोड) शोधा, म्हणजे सुरुवात कुठून केली ते कळेल. ती नसेल तर एका पट्टीवर नेलपेंटचा ठिपका द्या. खालच्या बाजूने जाणाऱ्या चेनच्या वरच्या अंगावर, म्हणजे दात जिथे शिरतात त्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक छोटा थेंब. पॅडल हळूहळू उलटं फिरवत जा. अशा सायकलच्या चेनमध्ये साधारण ११४ ते ११६ लिंका असतात, म्हणजे तितकेच थेंब. एकूण चार-पाच मिली. त्याहून जास्त लागत असेल तर तेल जमिनीवर जातंय. मग पॅडल वीसपंचवीस वेळा उलटं फिरवा, एकदोन गीअर बदलून घ्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आणि मग पुसा. चेन कोरड्या फडक्यात धरून, फडक्यावर ओली रेघ उमटायची थांबेपर्यंत. लोकांना वाटतं घातलेलं तेल पुसून काढतोय. आतलं तेल फडक्याने निघत नाही, निघतं ते बाहेरचं, आणि ते निघायलाच हवं. तुमचा काळा चिखल ही पायरी गाळल्यामुळे आहे.

कोकणवाट:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण रोज भिजणाऱ्या सायकलसाठी थोडी भर.

धुतलेली चेन तासभर ‘वाळू द्या’ हे पुण्याच्या हवेत ठीक. रत्नागिरी-मालवणकडे जुलैमध्ये तासाभरात काही वाळत नाही. अशा वेळी पाणी हटवणारा स्प्रे कामाला येतो, पण वंगण म्हणून नव्हे. चेन पुसा, स्प्रे फडक्यावर मारा, त्या फडक्यातून चेन चार-सहा फेरे फिरवा, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसा, अर्धा तास वारा लागू द्या आणि मग वेट लूब घाला. स्प्रे मारून तसंच सोडून दिलं तर वर सांगितलेलाच प्रकार होतो. डिस्क ब्रेकच्या सायकलवर तर स्प्रे थेट चेनवर मारूच नका, तुषार कुठवर उडतात ते दिसत नाही.

किती दिवसांनी घालायचं? कोरड्या रस्त्यावर वेट लूब अडीचशे-तीनशे किलोमीटर काढतं, ड्राय दीडशे-दोनशे. पावसात हे आकडे विसरा. तुमचं रोजचं वीसेक किलोमीटर धरलं तर आठवड्यातून एकदा, आणि सलग भिजणं चालू असेल तर दोनदा. मोठी धुलाई मात्र दर वेळी नको. घरी आल्यावर चेन फडक्यात धरून पुसायची, हे रोजचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण सायकल भिंतीला टेकवल्यावर कुणी करत नाही.

सकाळी चेनवर नारिंगी छटा दिसली तर घाबरू नका. पट्ट्यांच्या कडांवरचा तो वरवरचा गंज आहे, तेलाच्या फडक्याने जातो. रोलर बोटाने फिरत नसतील किंवा लिंका वाकवल्यावर तशाच राहत असतील, तर गंज आत गेला. मग चेन बदलणं बरं.

किनाऱ्यालगत चालवणाऱ्यांसाठी: खाऱ्या हवेत नुसतं पुसून भागत नाही. मीठ तेलाखाली बसून राहतं. आधी गोड्या पाण्याने धुवा, मग वाळवा, मग वंगण. आमच्याकडच्या जांभ्याच्या लाल चिखलाचंही तेच. त्यातला कण बारीक आणि कडक असतो, तो तेलात मिसळू देण्याआधी पाण्याने काढायचा. मात्र गाड्या धुण्याच्या प्रेशर गनने नाही. ती चेनचा मळ काढते आणि हबच्या बेअरिंगमध्ये पाणी भरून देते.

अजून एक, आणि हे वंगणाइतकंच कामाचं आहे. चेनवर येणारा चिखल मुख्यतः पुढच्या चाकाकडून येतो. पुढच्या मडगार्डला खाली रबराचा लांब फ्लॅप लावा, जमिनीपासून चार-पाच बोटं वर राहील असा. तेल तेच राहील, पण जास्त दिवस टिकेल.

मेणाचा_माणूस:

इथे मेणाची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून मांडतो.

तेल कुठलंही असो, धूळ धरतंच. पॅराफिन मेण घट्ट असतं. ते पिन आणि कॉलरच्या मधे जाऊन थिजलं की धूळ चिकटायला ओलावाच राहत नाही. चेन हाताने धरली तरी हात काळा होत नाही, पँटचा प्रश्नच मिटला. झीजही खूपच कमी होते.

पण अट कडक आहे. चेन आतून पूर्ण कोरडी आणि तेलमुक्त हवी. नव्या चेनवर कारखान्यातलं चिकट ग्रीस असतं, तेही गेलं पाहिजे. चेन काढून रुंद तोंडाच्या बरणीत मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवा, झाकण लावून हलवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, गाळा, नव्या टर्पेंटाइनमध्ये परत. टर्पेंटाइन काळं व्हायचं थांबेपर्यंत. शेवटची धुणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची, म्हणजे टर्पेंटाइनचा तेलकटपणा जातो. मग टांगून वाळवायची.

मेण मेणबत्तीवाल्यांकडे मिळतं तेच साधं शुद्ध पॅराफिन. रंग किंवा सुगंध घातलेलं नको. एका चेनला पाचशे ग्रॅम पुरतं आणि तेच बऱ्याच वेळा वापरता येतं. भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही. पॅराफिन जास्त तापलं तर त्याच्या वाफा पेट घेतात. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, अशी रचना करा. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आपल्याला ते ऐंशी-नव्वद अंशांवर पाण्यासारखं पातळ हवं. मेणात पाण्याचा थेंब पडू देऊ नका. चेन तारेला अडकवून सोडा. बुडबुडे येतात ती आतली हवा. दहा मिनिटांत बुडबुडे थांबतात, तरी चेन हलवत राहा. मग गॅस बंद करा, मेण सत्तर अंशांच्या आसपास उतरलं की चेन बाहेर काढा. फार गरम असताना काढली तर सगळं मेण निथळून जातं. थंड झाल्यावर चेन काठीसारखी ताठ होते. एकेक लिंक हाताने वाकवून मोकळी करा आणि बसवा. पहिल्या काही किलोमीटरमध्ये मेणाचे पापुद्रे पडतील, गीअर जरा जड बदलतील, मग सुरळीत.

इतका खटाटोप नको असेल तर बाटलीतलं मेण मिळतं, पाण्यात मिसळलेलं. दक्षिण आफ्रिकेचं स्क्वर्ट त्यातलंच. ते थेंबाथेंबाने घालायचं, पण चेन तेलमुक्त हवीच, आणि घातल्यावर रात्रभर वाळू द्यायला हवं. सकाळी निघायच्या आधी घालून उपयोग नाही. ओल्या चेनवर तर अजिबातच नाही.

पंधराचा_पाना:

मेणाला विरोध नाही. नोव्हेंबर ते मे या काळात त्याच्याइतकं स्वच्छ काही नाही. पण प्रश्न जुलैमध्ये रोज भिजणाऱ्या सायकलचा आहे. मेण झीज थांबवतं, गंज थांबवत नाही. पट्ट्यांवर तेलाचा थर नसतो, आतला थरही पाण्याबरोबर तुकड्यातुकड्याने निघतो. भिजलेली मेणाची चेन रात्रभर तशीच राहिली की सकाळी नारिंगी. म्हणजे प्रत्येक भिजलेल्या फेरीनंतर वाळवणं आणि पुन्हा मेण. दोन चेन आलटून पालटून वापरणाऱ्याला ते जमेल. ऑफिसला जाणाऱ्याने पावसाळा वेट लूबवर काढावा.

आणि दोन्ही मिसळू नका. मेणाच्या चेनवर वरून तेल घातलं तर मेण मऊ होतं आणि ना धड तेल ना धड मेण असा चिकट प्रकार तयार होतो.

मेणाचा_माणूस:

मान्य. मुसळधार पावसात मेण दर फेरीला लागतं हे खरंच. पण चार महिने वेट लूब वापरून मग मेणाकडे यायचं तर ती चेन धुण्याची कटकट टाळा. ऑक्टोबरमध्ये थेट नवी चेन घ्या आणि तिलाच मेण लावा.

रोजची_सायकल:

सगळ्यांचे आभार, चेन फडक्याने पुसली तेव्हा लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे. तीन शंका आहेत.

एक, धुऊन वेट लूब घातलं, कुईकुई बरीच गेली, पण पॅडल मारताना ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज येतो. दोन, चेन अजून ठीक आहे की झिजली, हे घरच्या घरी कसं कळेल? चेन चेकर माझ्याकडे नाही. तीन, गावाकडे वडिलांची जुनी काळी सायकल आहे, फुल चेनकव्हरची. तिलाही हेच लूब घालू का?

रॉकेल आता मिळतच नाही, त्यामुळे टर्पेंटाइन वापरलं. डिझेल चाललं असतं का?

वर्नियर:

आवाजाचं आधी. तो किती फेऱ्यांनी येतो ते मोजा, निदान तिथेच होतं. मधल्या चेनरिंगला (पॅडलजवळच्या दातेरी चक्राला) ३८ दात आणि चेनला ११४ लिंका असतील तर चेनचा पूर्ण फेरा पॅडलच्या बरोबर तीन फेऱ्यांत होतो. आवाज दर तीन फेऱ्यांनी येत असेल तर दोष चेनच्या एका लिंकमध्ये आहे. दर फेरीला एकदा येत असेल तर चेनचा संबंध नाही. पॅडल, क्रँकचा बोल्ट किंवा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) बघा. दात तुमचे वेगळे असतील तर लिंकांची संख्या दातांच्या संख्येने भागा.

चेनच असेल तर पॅडल सावकाश उलटं फिरवत आरडीकडे बघत राहा. अडकलेली लिंक जॉकी व्हीलवरून जाताना आरडीचा दांडा पुढे झटका खातो. ती लिंक दोन्ही अंगठ्यांनी आडवी, म्हणजे चेन वाकते त्याच्या काटकोनात, हलकेच इकडेतिकडे वाकवा, थेंब टाका, मोकळी होते. असं बहुधा चेन कटरने पिन दाबून जोडलेल्या ठिकाणी होतं, कारण तिथे पट्ट्या जास्त आवळल्या जातात.

आणि कुईकुई ‘बरीच’ गेली, पूर्ण नाही म्हणालात. जॉकी व्हील तपासा. त्यांच्या मधल्या बुशमध्ये कोरड पडली की चेनसारखाच आवाज येतो आणि लोक चेनवर तेल ओतत राहतात. अ‍ॅलन कीने एकेक खोला, बुश पुसा, चिमूटभर ग्रीस लावा आणि परत बसवा. ग्रीसची जागा ही. वरचं आणि खालचं व्हील अदलाबदल करू नका, पुष्कळ आरडींत ती वेगळी असतात. फिरण्याच्या दिशेचा बाण असला तर तोही पाळा.

झीज मोजायला बारा इंची स्टीलची पट्टी पुरते. चेन ‘ताणली’ म्हणतात, पण पट्ट्या ताणत नाहीत. पिना आणि कॉलर झिजून प्रत्येक जोडात थोडी फट वाढते आणि ती सगळी मिळून लांबी वाढते. पिन ते पिन अंतर नव्या चेनमध्ये अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. २४ लिंकांचे बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. चेन आधी पुसा, पॅडल दाबून वरची बाजू ताठ करा, पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि चोविसाव्या लिंकची पिन कुठे येते ते बघा. १२ इंचांवरच असेल तर चेन नवी. सोळांश इंच, म्हणजे साधारण १.६ मिमी पुढे गेली तर झीज अर्धा टक्का. ११ आणि १२ स्पीडवाल्यांनी, म्हणजे मागे तितकी चक्रं असलेल्यांनी, इथेच बदलावी. आठ स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे ३०७ मिमीपर्यंत मुभा आहे. एक टक्का, म्हणजे जवळजवळ ३०८ मिमी झाली असेल तर मागची चक्रंही गेली असं धरा. त्यांचे दात त्या वाढलेल्या मापाला बसून झिजलेले असतात. नवी चेन त्यावर टाकली की जोर लावताच दातांवरून उडते, आणि मग दोष नव्या चेनला दिला जातो.

डिझेल मळ काढतं, पण मागे तेलकट थर आणि वास ठेवतं. साबणाने दोनदा धुवावं लागतं. टर्पेंटाइनच बरं. पेट्रोल मात्र वापरू नका, बंद खोलीत तर नाहीच. संडास साफ करायचं आम्लही नको. गंज जातो, पण कडक पोलादाची पिन आणि पट्टी आम्लाने ठिसूळ होते आणि चेन जोरात असताना तुटू शकते. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बाटलीत दोन-तीन दिवस ठेवलं की मळ तळाशी बसतो, वरचं निवळ पुढच्या धुलाईला चालतं.

जुनी_रोडस्टर:

काळ्या सायकलचं मी सांगते. तिची चेन जाड असते, गीअर नाहीत, आणि फुल चेनकव्हर असल्यामुळे धूळ-पाणी फारसं पोहोचत नाही. तिथे महागड्या लूबची काही गरज नाही. ९० नंबरचं गीअर ऑइल, ऑटो स्पेअर्सच्या दुकानात सुटंही मिळतं, तेच गावोगावचे सायकलवाले घालतात आणि ते योग्य आहे. जाड असल्यामुळे आत जायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी घाला आणि सकाळी पुसा. हिवाळ्यात फारच घट्ट वाटलं तर बाटली थोडा वेळ उन्हात ठेवा. मागच्या बाजूला कव्हरचं झाकण निघतं, तिथून पॅडल फिरवत एकेका रोलरवर थेंब टाका. कव्हरच्या आत तेल साचेपर्यंत ओतू नका, खालून ठिबकत राहतं आणि मागच्या रिमवर गेलं तर ब्रेक लागत नाही.

घरातलं खोबरेल घालायचा मोह होतो, तो टाळा. थंडीत थिजतं. गोडंतेलही नको, त्याचा हळूहळू चिकट थर होतो.

त्याचबरोबर चेनचा ताण बघा. बिनगीअरच्या सायकलला चेन मधोमध वरखाली साधारण दहा ते पंधरा मिमी हलली पाहिजे. ढिली असेल तर उतारावर उतरते, फार आवळली तर तेल कितीही घाला, ती करकरणार आणि हबचं बेअरिंगही खाणार. क्रँक पूर्ण फिरवून बघा, एका ठिकाणी घट्ट आणि दुसरीकडे ढिली लागते. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे हे माप घ्यायचं.

कोकणवाट:

बीआरएमचं राहिलं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, म्हणजे चेन पुसायला पाच मिनिटं नक्की आहेत. वंगण आदल्या रात्री घाला आणि रात्रीच पुसा. सकाळी सुरुवातीच्या रेषेवर घातलेलं लूब पहिल्या वीस किलोमीटरमध्ये पायावर आणि रिमवर येतं.

सोबत पूर्ण बाटली न्यायची गरज नाही. डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली धुऊन वाळवून त्यात दहा मिली भरा, तिचं तोंड अगदी छोटा थेंब सोडतं. वर मोठ्या अक्षरात ‘चेन’ लिहून ठेवा, औषधांच्या पिशवीत गेली तर अनर्थ. एक सुती फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पाऊस लागलाच तर मधल्या कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर) खाणं येईपर्यंत चेन पुसा, एक फेरा थेंब टाका, निघायच्या आधी पुन्हा पुसा. नुसतं वरून ओतून निघालात तर ओल्या चेनवरचं ते तेल पुढच्या गावापर्यंतही राहत नाही.

रोजची_सायकल:

मोजली. पट्टीवर सोळांशाच्या जरा पुढे आहे, म्हणजे बीआरएमच्या आधी बदलावी असं वाटतंय. ‘टक्’ दर तीन फेऱ्यांनीच होतं, लिंक सापडली, मोकळी केली. नवी चेन घेताना काय बघू? आणि तिच्यावरचं कारखान्यातलं ग्रीस धुऊन टाकायचं का?

वर्नियर:

सोळांशाच्या जरा पुढे म्हणजे आठ स्पीडला अजून थोडं आयुष्य आहे, पण पावसाळा आणि बीआरएम दोन्ही समोर असताना बदललेली बरी. चक्रं वाचतील. बीआरएमच्या आदल्या दिवशी मात्र नको, निदान आठवडाभर आधी, म्हणजे दातांवर उडते का ते रोजच्या वाटेवर कळेल.

वेट लूब वापरणार असाल तर कारखान्यातलं ग्रीस धुऊ नका. ते आत नीट भरलेलं असतं आणि पहिले काही दिवस तेच सगळ्यात चांगलं वंगण. फक्त बाहेरचा चिकटपणा टर्पेंटाइनच्या ओलसर फडक्याने पुसून काढा. आवाज सुरू झाला किंवा जोरदार भिजली की मग थेंब.

लांबी जुन्या चेनशी लिंक मोजून जुळवा. टांगून शेजारी शेजारी धरली तर झिजलेली चेन लांब दिसते, त्यामुळे डोळ्यांनी नाही, मोजूनच. क्विक लिंक वेगळी घेत असाल तर पाकिटावर ६-७-८ स्पीड लिहिलेलं बघून घ्या. ९ स्पीडची अरुंद असते, आठच्या चेनला बसत नाही. आणि एक जास्तीची लिंक फडक्याच्या पिशवीत टाकून ठेवा. आठ स्पीडच्या लिंका बहुतेक पुन्हा उघडता येतात, ११-१२ स्पीडच्या बऱ्याचशा एकदाच वापरायच्या असतात, त्यामुळे कुणा मित्राला देताना पाकीट वाचून द्या.